उघडं ठेवायचं तर उघडं बोलायचं

"पॉझिटिव्ह आहे," ग्रामीण रुग्णालयातले डॉक्टर म्हणाले. पहिला प्रश्न आईने विचारला नाही, मीही नाही. आण्णांनीच विचारला.

"मंग माझ्या खुर्चीत बसून गेले त्यांचं काय?"

आण्णा म्हणजे माझे वडील. शेवगावात त्यांचं सलून आहे. दोन खुर्च्या, एक लांब बाकडं आणि बाकड्यावर कायम पत्रकांचा ढीग. ऊसतोड कामगारांची पत्रकं, पाण्याच्या मोर्चाची, बाजार समितीच्या निवडणुकीची. नंबर लागेपर्यंत गिऱ्हाइकांनी वाचावीत म्हणून आण्णा ती जपून ठेवत. मी वाचायला त्यांच्यावरच शिकले. मला सलग वाचता आलेला पहिला शब्द 'जाहीर' होता.

टाळेबंदी उठू लागली तेव्हा किराणा उघडला, कापडाची दुकानं उघडली, दारूचं दुकानसुद्धा उघडलं. आमची कैची मात्र बंदच. आण्णांनी तालुक्यातले सलूनवाले गोळा केले आणि अंतर सोडून तहसील कचेरीसमोर बसवले. पत्रक मी लिहिलं. टेम्पोवर भोंगा लावून आण्णांनी ते गावभर वाचलं. शेवटी परवानगी आली, तीही अर्धी. कटिंग करा, दाढी नको.

"अर्धी तर अर्धी," आण्णा म्हणाले, आणि शटर वर केलं.

दुकानं उघडली तसे रुग्णही वाढले. गावात दोन तट पडले. एक म्हणायचा, पुन्हा सगळं बंद करा. दुसरा म्हणायचा, आजारच खोटा आहे, हे सगळं दवाखान्यांचं कारस्थान. पहिल्या तटाचे पुढारी आमचे गुरुजी, शाळेतून निवृत्त झालेले मास्तर. आण्णा कोणत्याच तटात नव्हते. गुरुजी खुर्चीत बसून मान खाली घालायचे आणि तशाच अवस्थेत भांडायचे.

"तुमची दुकानं उघडली, म्हणून आजार घरात आला."

"आजार दुकानात न्हाई ऱ्हात, गुरुजी. लपवन्यात ऱ्हातो. मान हालवू नका, कान जाईल."

तुमच्या घरात ही वेळ आली तर ओळखायला सोपं जावं, म्हणून सुरुवातीची लक्षणं सांगते. आधी अंग दुखलं. ते उभं राहून राहून दुखतंय असं आम्ही धरलं. मग एका सकाळी आण्णांनी डोक्याच्या मालिशचं थंड तेल उघडलं, हुंगलं, पुन्हा हुंगलं आणि तेलवाल्याला फोन लावून चांगलं झापलं. तेलात भेसळ आहे, वासच नाही. दुसरी बाटली उघडली, तीही तशीच. तो बिचारा शपथा घेत होता. मग मी बाटली नाकाला लावली. कापराचा झणझणीत वास डोळ्यांत गेला. तेल चांगलं होतं. आण्णांचं नाक गेलं होतं.

त्यांनी त्याच क्षणी शटर ओढलं. तेलवाल्याची माफी मागितली, ती मात्र दवाखान्याच्या रांगेतून.

तिथे झाली ती अँटीजेन टेस्ट. नाकात काडी घालून नमुना घेतात आणि थोड्याच वेळात निकाल देतात. मग बोटाला ऑक्सिमीटर लावला. ही चिमटी रक्तात ऑक्सिजन किती आहे ते दाखवते. चौऱ्याण्णवच्या खाली आकडा गेला की काळजी. आण्णांचा अठ्ठ्याऐंशी होता, आणि ते म्हणत होते, मला तर काहीच होत नाही. हे लक्षात ठेवा. माणूस ठणठणीत बोलतो आणि आतून रिकामा होत जातो. चिमटीवर विश्वास ठेवा, बढाईवर नको.

रुग्णवाहिका करंजीचा घाट ओलांडून नगरला आली. तिथे एचआरसीटी झाली, म्हणजे छातीचा बारीक स्कॅन. त्यावरून फुप्फुसं किती बाधित आहेत याचा पंचवीसपैकी स्कोअर देतात. आण्णांचा अकरा आला. आण्णांचे जोडीदार विलासकाका, गावातल्या दुसऱ्या सलूनचे मालक, त्यांना मी फोनवर तो सांगितला.

"अकरा? पंचवीसपैकी? म्हंजी पास झाले की."

मी सांगितलं, काका, हे मार्क उलटे असतात. जास्त पडले तर वाईट. काका आवाज खाली आणून म्हणाले, "ताई, ऐक. गावात व्हायरल म्हनून सांग. बंद करायचं का न्हाई, ह्याची बैठक हाय परवा. सलूनवाल्यालाच झालाय म्हनल्यावर पयलं कुलूप आपल्याला."

विलासकाका लबाड माणूस नाही. बंदच्या काळात बायकोच्या जोडीनं ते लोकांच्या रानात कांदे काढायला गेले होते. कैची धरणाऱ्या हाताला विळ्याचे घट्टे पडले होते. ते भीतीनं बोलत होते आणि ती भीती खरी होती. पण आण्णांच्या खुर्चीत बसून गेलेली माणसंही खरी होती. ती घरी जाऊन नातवंडांना मांडीवर घेत होती.

आई घरात विलगीकरणात होती. माझी टेस्ट निगेटिव्ह आली, तरी मास्क लावून सगळ्यांपासून लांब, वॉर्डाबाहेरच्या कडुनिंबाखाली मी दिवस काढायचे. वॉर्डात नातेवाइकांना प्रवेश नव्हता. दुपारी डॉक्टर दारात येत आणि ज्याच्या त्याच्या माणसाबद्दल दोन वाक्यं सांगत. त्या दोन वाक्यांसाठी आम्ही सगळे दिवसभर थांबायचो.

"मास्कने ऑक्सिजन चालू आहे. प्रोनिंग करतोय," डॉक्टर म्हणाले. प्रोनिंग म्हणजे पालथं झोपणं. त्यानं फुप्फुसाच्या मागच्या भागात हवा पोहोचते. "आणि त्यांना बोलू देऊ नका. फोनवरसुद्धा. बोलण्यात दम जातो. पुढचे दोन दिवस महत्त्वाचे आहेत."

आण्णांना बोलू द्यायचं नाही. गिऱ्हाइकाचे कान उघडे आहेत तोवर ज्यांचं तोंड कधी थांबलं नाही, त्या माणसाला.

त्या संध्याकाळी वॉर्डातल्या सिस्टरचा फोन आला. आण्णा ऐकत नव्हते. गावात सांगितलं का, एवढंच हातानं खुणावून विचारत होते. मी सिस्टरला खरं सांगितलं. माझ्या शब्दावर गाव विश्वास ठेवणार नाही. अर्धे म्हणतील, पोरगी बाकड्यावरची पत्रकं वाचून बोलते. मी गावात जाऊही शकत नाही, मलाही लागण झालेली असू शकते. सिस्टर म्हणाल्या, "त्यांचाच आवाज रेकॉर्ड करू. पण मास्क काढायचा नाही. मास्कातूनच बोलायचं आणि मी थांबा म्हटलं की थांबायचं. चालेल का, विचारते."

थोड्या वेळानं माझ्या मोबाईलवर आण्णांचा आवाज आला. ते बोलणं मी जसंच्या तसं लिहिते आहे. मधली रिकामी जागा तुम्ही भरून घ्या, तिथे फक्त ऑक्सिजनची शिट्टी आहे.

"मी शेवगावचा... सलूनवाला. मला कोरोना... झालाय. मागच्या आठवड्यात... माझ्या खुर्चीत बसले त्यांनी... तपासून घ्या. लाजू नका. म्या... न्हाई लाजलो."

मग सिस्टरचा आवाज, थांबा. आणि त्यावर पुन्हा आण्णा.

"दुकान... उघडं ठेवायचं... तर उघडं... बोलायचं."

मी आजवर लिहिलेली सगळी पत्रकं या एका ओळीपुढे फिकी आहेत. हे मी नम्रतेनं म्हणत नाही, अभिमानानं म्हणते. ज्या माणसाला डॉक्टरांनी श्वास जपून वापरायला सांगितला होता, त्यानं तो या कामाला वापरला.

तो आवाज मी विलासकाकांना पाठवला. भोंग्याचा टेम्पो त्यांच्या भाच्याचा होता. खाली लिहिलं, "काका, वाजवायचा की नाही ते तुम्ही ठरवा." निळ्या खुणा उमटल्या.

दुसऱ्या दिवशी बाजाराच्या वेळेला त्यांचा फोन आला. मी हॅलो म्हणत राहिले, पलीकडून कुणी बोलेना. नुसता गलका, एक म्हैस, कुणाची तरी मोटारसायकल. मग त्या गलक्यातून भोंग्याची खरखर आणि तिच्यामागून आण्णांचा धाप लागलेला आवाज. काकांनी मला ऐकू जावं म्हणून मोबाईल वर धरला होता. आवाज संपला आणि गलका परत सुरू झाला नाही. त्या शांततेत काकांनी स्वतःच भोंग्याचा माइक हातात घेतला आणि म्हणाले, "मी त्यांचा जोडीदार. माझंबी दुकान आजपासून बंद. मी चाललो तपासायला. कोन येतं बरूबर?"

पहिले निघाले गुरुजी. त्यांची टेस्ट पॉझिटिव्ह आली. अजूनही काहींची आली. सगळी वेळेवर कळली, सगळे जण कोविड सेंटरमधून आपल्या पायांनी घरी आले. यापेक्षा मोठा विजय मला माहीत नाही.

सगळं गोड झालं असं मात्र नाही. गावच्या ग्रुपवर कुणीतरी टाकलं, "उघडा उघडा म्हणत होते, आता भोगा." मी उत्तर दिलं की आम्ही पोटासाठी उघडा म्हणालो, आणि आजार आला तेव्हा सगळ्यांत आधी आम्हीच बंद केलं, तेही सांगून. तुमच्या घरात कितीजण 'व्हायरल'नं झोपलेत, ते जाहीर करा. विलगीकरण संपल्यावरही आईला शेजारणीनं नळावर पाणी भरू दिलं नाही. बैठकीत आठवडाभर बंदचा ठराव झालाच. पण सलूनं कायमची बंद ठेवा, असं एकजण म्हणाला, तेव्हा विलासकाका उठले. "सांगनाऱ्याला कुलूप लावलं तर उद्यापासून सांगंल कोन?" ती सूचना तिथेच मागे पडली. आठवड्यानं सगळ्यांबरोबर सलूनांचीही शटरं वर गेली.

आण्णांच्या बाबतीतलं ते दुपारचं वाक्य एकदाचं आलं. "रूम एअरवर आहेत," डॉक्टर म्हणाले. म्हणजे नळीशिवाय, तुमच्याआमच्यासारखी साधी हवा घेतायत. मी आधी आईला फोन लावला. हे डॉक्टर आणि सिस्टर पीपीई किटच्या आत घामानं भिजून काम करत होते. त्यांचे चेहरे मी कधी पाहिले नाहीत. रस्त्यात भेटले तर ओळखणार नाही. म्हणून इथे जाहीर आभार मानते.

घरी आल्यावर आण्णांची खरी परीक्षा झाली. आजार गेला तरी दम परत यायला वेळ लागतो, हेही धरून ठेवा. चार पावलं चाललं की ते भिंतीला टेकायचे. खुर्चीमागे उभं राहवेना. कटिंग ही उभ्यानं करायची गोष्ट. आमचं दुकान तेवढं बंद राहिलं आणि ते बाहेर काढलेल्या बाकड्यावर बसून आपलंच शटर बघत राहायचे. त्या दिवसांत मला दवाखान्यात वाटली नव्हती तेवढी भीती वाटली.

एका सकाळी गुरुजी आले. केस कानांवर आलेले, काखेत गोणपाट. दुकानासमोरच्या कडुनिंबाखाली त्यांनी ते अंथरलं आणि मांडी घालून बसले.

"ये. तुझा बाप असाच समोरासमोर बसून माझे केस कापायचा. तेव्हा कुठं होती खुर्ची?"

"गुरुजी, लोकं काय म्हंतील? रस्त्यावर?"

"म्हणू देत. तूच म्हणालास ना, उघडं ठेवायचं. हे बघ, याच्यापेक्षा उघडं दुकान तालुक्यात नाही. आणि डॉक्टरही मोकळ्या हवेतच बसा म्हणतात."

आण्णा उठले. दोघांनी मास्क वर ओढले. आण्णा गुरुजींसमोर बसले, त्यांचं डोकं डाव्या हातानं खाली केलं आणि कैची चालवली. आवाज लागला, तो ओळखीचा, खच खच खच. जाणारे थांबले. एकजण मागे येऊन नंबर लावून उभा राहिला, अंतर सोडून.

मान खाली घातलेले गुरुजी लगेच म्हणाले, "तरी मी म्हणतो, तेव्हा दुकानं जरा लवकरच उघडली."

"मान हालवू नका," आण्णा म्हणाले. एका श्वासात.