ओढ्याकाठचे चपटे दगड

अमेरिकेतल्या पूर्व केंटकीच्या त्या खोऱ्यात जीप चालवणारे पुष्कळ होते. पण जीपपुढे उलटं चालत, हाताच्या खुणांनी कुठलं चाक कुठल्या दगडावर टेकवायचं ते सांगणारा माणूस एकच, होबर्ट साइझमोर. वेल्डिंगचं दुकान चालवण्यात त्याची हयात गेली, जीव मात्र दुकानात कधीच नव्हता. शनिवार उजाडला की दगडांवर पकड यावी म्हणून टायरांची अर्धीअधिक हवा सोडायची आणि माणूस चालतो त्याहून हळू, धोंड्याधोंड्यावरून जीप चढवत न्यायची. बायको म्हणायची, "खेचर घेतलं असतंस तर लवकर पोचला असतास, आणि पेट्रोलही वाचलं असतं."

होबर्टने जीपवाल्यांच्या क्लबच्या पोरासोरांना एक नियम घोकून घोकून शिकवला होता. चाक चढत नसेल तर खाली दगड रचा, खुशाल रचा. पण जीप वर गेली की प्रत्येक दगड जिथून उचलला तिथे परत ठेवा. डोंगर आपल्या बापाचा नाही, असं तो म्हणायचा.

आणि ते खरंच होतं. डोंगर दुसऱ्यांचा असल्यामुळेच एकेक वाट हातची जात होती. जमीन विकली जायची, नवा मालक वाटेत दोन झाडांना साखळी बांधायचा, खेळ खलास. शेवटी उरली ती ऑर्फा नेपियर या म्हातारीच्या जमिनीतली ओढ्याची वाट. त्या जमिनीवरही एका लाकूड कंपनीचा डोळा होता. मग क्लबने ठरवलं की आपणच मालक व्हायचं, म्हणजे साखळीची कटकटच नको. बोलणी करायला अर्थातच होबर्टला पाठवलं. सगळं खोरं म्हातारीला मावशी म्हणे, तोही म्हणे.

"कंपनीवाले जास्त देतायत रे," ऑर्फामावशी म्हणाली. "पण ते डोंगर सोलून काढतील. तू लक्ष ठेवशील ना जमिनीवर? मग घ्या तुम्हीच."

सही सोमवारी व्हायची होती. त्याआधीच्या गुरुवारी होबर्ट तिच्याकडे गेला. तिने घेवड्याची आमटी आणि मक्याचा पाव पुढे ठेवला आणि स्वतः कागदाची फुलं वितळलेल्या मेणात बुडवत बसली. रविवारी थडग्यांवर फुलं वाहायची होती. मे महिन्यातला तो रविवार त्या डोंगरातलं एकही घर चुकवत नाही.

"वरच्या कुंपणात दोनच तर थडगी आहेत, मावशी. एवढी फुलं कशाला?"

"वर आईबाप. ही बारकी फुलं खालच्यांची. आर्ली, व्हेस्टा आणि क्लेल. माझी भावंडं. एकाच हिवाळ्यात घशाच्या रोगानं गेली बघ तिघं. वरची जमीन दगडासारखी गोठलेली, मग बापानं ओढ्याकाठीच पुरली. नावं कोरायला पैसा कुठला? चपटे दगड रोवले, झालं. तुमच्या त्या कोर्टाच्या पायरीच्या जरा वर."

होबर्टने हातातला पाव खाली ठेवला.

ओढ्यातल्या एका उभ्या कड्याला जीपवाले कोर्टाची पायरी म्हणत. शहाण्याने ती चढू नये, असं म्हणत म्हणत सगळेच चढायचे. मागच्या पानगळीत होबर्टचा जुना दोस्त डॉइल तिथे अडकला होता. वर पाऊस, खाली ओढा फुगत चाललेला. होबर्ट काठावर धावला, पाचोळा उकरला आणि त्याला तीन चपटे, सुरेख दगड मिळाले. ओढून काढून त्याने ते चाकाखाली रचले. जीप चढली, सगळे जीव घेऊन पळाले. दगड परत ठेवायचे राहिले. पुढे हिवाळाभर सगळ्यांच्या जीपा त्यांच्यावरूनच गेल्या.

एवढंच असतं तर नजरचूक म्हणून सोडता आलं असतं. पण दगड ओढताना हाताला वेल लागली होती. निळ्या फुलांची, जमिनीवर पसरणारी, थडग्यांवर लावतात ती वेल. रानात ती दिसली की खाली कुणीतरी निजलंय, हे त्या डोंगरातलं शेंबडं पोरही सांगेल. होबर्टला ती दिसली होती. त्याने ती बाजूला सारली होती. घाईत मनाने एकदा हटकलं आणि त्याने मनाला गप्प केलं होतं.

शुक्रवारी तो पहार घेऊन एकटाच ओढ्यावर गेला. दोन दगड अख्खे निघाले, तिसऱ्याचे दोन तुकडे झाले होते. काठावर पाहतो तर जमीन सगळी सारखी झालेली. वेल तेवढी फोफावलेली. कुठला दगड कुठे होता? कुठलं चाक कुठल्या दगडावर ते सांगणारा तो माणूस तिथे वेड्यासारखा उभा राहिला. शेवटी अंदाजाने त्याने दगड ओळीत रोवले आणि तुकडे एकाला एक टेकवून ठेवले. तेवढ्यात त्याला शोधत डॉइल आला. होबर्टने त्याला सगळं सांगितलं.

"सोमवारपर्यंत तोंड शिवून बस," डॉइल म्हणाला. "एक सही होऊ दे, मग म्हातारीचे पाय धर, डोकं आपट, काय हवं ते कर."

"ती परवा इथं फुलं घेऊन येणार आहे, डॉइल."

"येऊ दे ना! दगड आहेत, फुलं आहेत, तिला काय कळतंय? तुझ्या मेल्या सत्यापायी सगळ्यांची वाट घालवशील!"

डॉइल वाईट माणूस नव्हता. त्याचंही त्या वाटेवाचून चालणार नव्हतं. म्हणूनच होबर्टला त्याच्यावर धड रागावताही आलं नाही.

रविवारी होबर्टनेच मावशीला जीपमधून ओढ्याकाठी आणलं. ठरवलं होतं गप्प बसायचं. ती काठी टेकत पहिल्या दगडापाशी गेली, हळूहळू गुडघ्यांवर बसली आणि दगडावर हात फिरवत म्हणाली, "काय रे आर्ली, थंडी गेली का?"

होबर्टला पुढचं ऐकवेना.

"मावशी, तो आर्लीचा नसेल. दगड मीच उपटले होते. चाकाखाली घातले. परत कुठं लावायचे ते मला कळलं नाही."

म्हातारी वळली नाही. हात दगडावरच होता. तसंच तिने विचारलं, "वेल दिसली नव्हती तुला?"

नाही म्हणणं सोपं होतं. नाहीवर तिने विश्वासही ठेवला असता.

"दिसली होती," होबर्ट म्हणाला.

तिने फुलं ठेवली नाहीत. टोपली तशीच मांडीवर घेऊन ती जीपमध्ये जाऊन बसली.

सोमवारी ती वकिलाकडे येणार नाही असं सगळ्यांनी धरलं होतं. डॉइल तर होबर्टकडे पाहतही नव्हता. पण ती वेळेवर आली, रविवारचेच कपडे घालून. "शब्द दिलाय," एवढंच म्हणाली. वकिलाने कागद वाचला आणि चष्मा वर करून विचारलं, "तुमची माणसं आहेत तिथे. तुम्हाला आणि तुमच्या घरच्यांना थडग्यांवर येण्याचा हक्क राहील, असं लिहितो. आपल्याकडे लिहितातच."

"वरच्या कुंपणाचं लिहा. ओढ्याचं नको."

"मावशी, लिहू द्या ना," होबर्टच्या तोंडून निघून गेलं. "मी स्वतः आणीन तुम्हाला, दरवर्षी."

ती पहिल्यांदाच त्याच्याकडे वळली. आवाजात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं.

"येऊन कुणाच्या उशाशी बसू, होबर्ट? तूच सांग."

तिने सही केली आणि पेन त्याच्यापुढे सरकवलं. क्लबतर्फे त्याची सही लागायची होती. बाहेर पोरं हॉर्न वाजवायला लागली, कारण वाट आता कायमची त्यांची झाली होती. होबर्टने सही केली, पण त्या ओढ्यावर पुन्हा जायला त्याला तोंड उरलं नाही.