बेलभंडारा आणि विम्याचा कागद

आईचा उजवा हात ज्या ट्रकनं चिरडला, त्या ट्रकच्या मालकाला मी स्वतः उठून पाणी दिलं, चहा दिला, आणि तो आत बसला असताना उन्हात तापू नयेत म्हणून त्याच्या चपलाही सावलीत सरकवल्या. त्या माणसाचा राग मला आजही येतो. चपला आठवल्या की त्याच्याहून जास्त स्वतःचाच येतो.

स्वातंत्र्य मिळून अजून दहा वर्षं झाली नव्हती. पणदऱ्यात आमची कालव्याच्या पाण्यावर वांगी, मिरची, मेथी असायची. दर गुरुवारी आई आणि आबा, म्हणजे माझे वडील, बैलगाडीत माळवं भरून बारामतीच्या बाजाराला जायचे. पिकवायचे आबा, विकायची मात्र आई. तिनं उजव्या हातात तागडी धरली की गिऱ्हाईक काटा बघत नसे, इतका तिच्या मापावर विश्वास. आबांना चार वांगी विकायची म्हटली तरी घाम फुटायचा. घर तिच्या त्या हातावर चालत होतं, यात मी काही वाढवून सांगत नाही.

त्या गुरुवारी दुपारी ते बाजाराहून परतत होते. आबा पुढं बसून हाकत होते. आई मागं रिकाम्या पाट्यांत गाडीची कड धरून बसली होती. मागून गुळाच्या ढेपा भरलेला ट्रक आला. आबांनी गाडी डाव्या कडेला घेतली होती, रस्ता मोकळा होता, पण त्या महाराजांना घाई. ट्रकची बाजू गाडीला घासत गेली आणि आईचा हात मध्ये सापडला. ट्रक मालकच चालवत होता. आबा सांगायचे, खाली उतरल्यावर त्यानं आधी ट्रकचा ओरखडा बघितला, मग आईचा हात.

बारामतीच्या डॉक्टरांनी प्लास्टर घातलं आणि स्पष्ट सांगितलं, हाडांचा चुरा झालाय, दीड महिन्याच्या आत पुण्याला नेऊन ऑपरेशन करा, नाहीतर बोटं कायमची आखडतील. पुण्याचा खर्च आमच्या आवाक्यातला नव्हता. त्यावर डॉक्टरच म्हणाले की ट्रकचा विमा असतो, कायद्यानं असावाच लागतो, तिकडं मागणी करा. मी सातवी पास होतो आणि घरात लिहिता-वाचता येणारा एकटाच. अर्ज मीच लिहिणार होतो.

चौथ्या दिवशी तो मालक इंदापूरहून हजर झाला. गोड बोलणं, हात जोडलेले. त्याचं म्हणणं असं की, पोलीस-कोर्ट केलंत तर वर्षं जातील. ट्रकचा विमा आहे, पैसे तोच महिन्याभरात मिळवून देईल. फक्त गाडी रस्त्याच्या मधोमध होती, ट्रकवाल्याची चूक नाही, आमची तक्रार नाही, एवढं लिहून द्या, म्हणजे कंपनी कटकट करणार नाही. चूक ट्रकवाल्याची असेल तरच कंपनी पैसे देते; याहून उलटी गोष्ट जगात नसेल, हे मला फार उशिरा कळलं.

मी म्हणालो, विम्याचा कागद दाखवा. आबा माझ्यावरच उखडले. आमच्याकडं बांधाचं भांडण असो की पाण्याच्या पाळीचं, खंडोबासमोरचा बेलभंडारा उचलला की विषय संपला. त्यानंतर कागद मागणं म्हणजे देवावर अविश्वास. आबांनी देव्हाऱ्यातलं ताट त्याच्यापुढं ठेवलं. त्यानं हातपाय धुतले, बेलभंडारा उचलला आणि डोळे मिटून म्हणाला, "विम्याचा जो पैसा यील, त्यातली एक पै बी मी ठिवनार न्हाय. समदा ह्या घरात आणून दीन."

आबांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी कागद घेऊन बसलो.

अंगठा आईचा हवा होता, आणि आई आतल्या खोलीत पडून होती. तिनं बाहेरचं अर्धवट ऐकलं होतं. विम्याचा कागद बघितल्याशिवाय अंगठा देणार नाही, असं तिनं आबांना तोंडावर सांगितलं. आबा मला म्हणाले, तूच समजाव. मी आत गेलो आणि सांगितलं की हा पुण्याच्या दवाखान्याचा कागद आहे. तिनं काही न विचारता डावा अंगठा पुढं केला. मला वाटत होतं, मी तिचा हात वाचवतोय.

महिना गेला, त्याच्यावर पंधरा दिवस गेले. तो आला नाही. मी एस.टी.नं इंदापूरला गेलो. अंगणात ट्रक धुऊन उभा होता, बोनेटवर ताजा हार. विम्याचं काय, म्हणून विचारलं तर तो शांतपणे म्हणाला की विमा संपून वर्ष झालं होतं, भरायचं राहून गेलं. मग शपथ घेतली त्याचं काय? "मी काय खोटं बोललो? पैसा यील तो दीन म्हनलो. आलाच न्हाय, तर काय देऊ?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हा माणूस देवाला घाबरत होता, म्हणून देवासमोर त्यानं शब्द तोलून खरंच सांगितलं होतं. खोटं काय ते आमच्याशी बोलला. आमच्या भोळेपणाचं माप त्यानं आईच्या तागडीपेक्षा चोख घेतलं होतं.

मग बारामतीत वकील गाठला. तो म्हणाला, विमा नसला तरी मालकावर दावा लावता येतो. त्यानं नोटीस पाठवली. तोपर्यंत आईचं प्लास्टर निघालं होतं, बोटं तळहाताकडं वळून घट्ट झाली होती. नोटिशीच्या उत्तराला मी लिहिलेल्या कागदाची नक्कल जोडलेली होती. आई समोर बसली असताना वकिलानं ती मोठ्यानं वाचली. गाडी रस्त्याच्या मधोमध होती. ट्रकवाल्याची चूक नाही. माझी तक्रार नाही.

वकिलानं चष्मा काढून विचारलं, "बाई, हे तुम्ही सांगितलंत?"

"अंगठा माझा हाय," आई म्हणाली. "बोलनं माझं न्हाय."

"मग लिहिलं कुणी?"

तिनं माझ्याकडं बघितलं नाही. वाकडा हात पदराखाली घेतला.

"लेकानं. अक्षर चांगलं हाय त्याचं."