मागच्या सशाची कुपी

नाव: श्रीमती सुमेधा गिरीश खांबेटे. वय: चोपन्न. पद: तंत्रज्ञ, श्रेणी सहा. कामाचे ठिकाण: लीड्स, मेंदूविज्ञान विभाग, तळघर. कर्तव्ये: वरिष्ठांच्या सूचनेबरहुकूम नमुने तयार करणे; फ्रीझरचे तापमान नोंदवणे; काचसामान मोजणे. हाताखालील माणसे: निरंक. निर्णयाधिकार: निरंक.

विद्यापीठाच्या दफ्तरी सदर व्यक्तीची एवढीच नोंद आहे आणि तिच्यात खोटं काही नाही. फ्रीझरचं तापमान ती खरोखरच नोंदवते.

मराठी मंडळाच्या जेवणात कोणी विचारलंच, तर “उंदरांच्या मेंदूच्या चकत्या करते” असं सांगून ती श्रीखंडाकडे वळते. पुढचा प्रश्न सहसा येत नाही. नवरा गिरीश इथल्याच हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ. तो म्हणतो, “आमच्याकडे दोघांचाही धंदा मेंदूचाच. मी झोपवतो, ही रंगवते.”

रंगवते, म्हणजे असं. मेंदूत बीडीएनएफ नावाचं एक प्रथिन असतं. ते पेशींना जगवतं, त्यांना नव्या फांद्या फोडायला लावतं. आपण काही शिकतो, लक्षात ठेवतो, त्यात त्याचा हात असतो. पण असतं इतकं थोडं, की इतर हजारो प्रथिनांच्या गर्दीत ते शोधणं म्हणजे हेडिंग्लीच्या भरल्या स्टेडियममध्ये खिशात लिमलेटची गोळी असलेला एकच माणूस शोधण्यासारखं. हे काम अँटीबॉडी करते. सशाला त्या प्रथिनाचा तुकडा टोचतात. सशाचं शरीर त्याला परका समजून नेमका त्यालाच धरणारा रेणू बनवतं. तो सशाच्या रक्तातून काढून कुपीत भरतात. मेंदूच्या चकतीवर थेंब टाकला, की तो रेणू हजारो दारं सोडून एकाच दारापाशी जाऊन थांबतो. रंग चढवला की तिथे तपकिरी ठिपका. त्याला डोळे नाहीत, डोकं तर नाहीच. नुसत्या आकारावरून ओळखतो. सुमेधा हे एकवीस वर्षं बघते आहे. अजूनही सूक्ष्मदर्शकात डोकावण्याआधी ती चष्मा पुसते, देवळात शिरताना चपला काढाव्यात तसा.

अडचण एवढीच, की ससा अमर नसतो. एका सशाचं रक्त संपलं की कंपनी दुसऱ्या सशाचं पाठवते. लेबल तेच, बॅचचा नंबर तेवढा वेगळा.

अशाच एका नव्या सशाच्या भरवशावर प्रयोगशाळेत पीएचडी करणाऱ्या ईशिताने प्रबंधाचं तिसरं प्रकरण लिहिलं होतं. ईशिता लंडनच्या पिनर उपनगरातली, जन्म तिथलाच; मराठी घरात ऐकून शिकलेलं, ‘तो’ आणि ‘ती’ची गल्लत करणारं. म्हातारे उंदीर चाकावर धावले तर त्यांच्या मेंदूत बीडीएनएफ वाढतं, असं तिचं म्हणणं, आणि नव्या कुपीने ते ठळक दाखवलंही होतं. प्रबंध द्यायला सहा आठवडे उरले होते. प्रयोगशाळेत ती सुमेधाला इंग्रजीत नावाने हाक मारायची, लिफ्टमध्ये मावशी म्हणायची.

नवी कुपी आधी तपासायची, ही सुमेधाची पद्धत. त्यासाठी लागतात अशा उंदरांच्या चकत्या, ज्यांच्यात ते प्रथिन बनवणारा जीनच नाही. असे उंदीर फार जगत नाहीत आणि लीड्समध्ये कोणी ठेवत नाही. स्कॉटलंडमधून चकत्या यायला पाच महिने लागले. प्रयोगशाळेचे प्रोफेसर म्हणाले होते, तोवर काम सुरू करा. सुमेधाने सूचनेबरहुकूम केलं.

चकत्या आल्यावर तिने नवी कुपी त्यांच्यावर लावली. या पडताळणीला कंट्रोल म्हणतात: जिथे प्रथिनच नाही तिथे काही दिसता कामा नये. दिसलं. चांगलं तपकिरी, सगळीकडे.

“मावशी, हा स्लाईड बदलला असेल,” ईशिता म्हणाली. लिफ्ट बरीच लांब होती.

“तिसऱ्यांदा केलीय.”

“पण इट्स ओन्ली अ कंट्रोल. प्रोफेसरनी मागितला पण नाही.”

“नाही मागितली.”

“मग कोणाला कळणार?”

“मला कळलं की गं.”

ईशिता स्टुलावर बसली. “माझी चॅप्टर गेला.”

“चहा घे. मग वर जाऊन सांगू. बोलते मी, तू नुसती उभी राहा.”

प्रोफेसरांनी ऐकून घेतलं आणि जुन्या बॅचची चौकशी करायला लावली. कंपनीने कळवलं, तो ससा सहा वर्षांपूर्वी गेला.

तेव्हा सुमेधा उणे ऐंशीच्या फ्रीझरपाशी गेली, खालच्या खणात कोपरापर्यंत हात घातला आणि एक डबी काढली. डबीत डबी, तिच्यात पुण्याहून आणलेल्या हिंगासारखी जपलेली कुपी. मागच्या सशाची. दहा मायक्रोलिटर, म्हणजे एक बारका थेंब. प्रयोगशाळेच्या यादीत तिच्यापुढे ‘संपली’ असं लिहिलं होतं, सुमेधाच्याच अक्षरात.

“मावशी! धिस इज चीटिंग.”

“याला संसार म्हणतात.”

थेंब पाचशेपट पातळ केला. पंचवीस स्लाईडना पुरला. सव्विसावीला पुरला नसता. दुसऱ्या दिवशी सकाळी सुमेधाने चष्मा पुसला आणि प्रथिन नसलेली स्लाईड आधी लावली. बराच वेळ बघितली. मग बाजूला झाली.

ईशिताने डोळा लावला. फिकट, नितळ, कुठे एक ठिपका नाही. सहा वर्षांपूर्वी मेलेल्या सशाच्या रक्तातले ते रेणू कोट्यवधींनी त्या चकतीवर फिरले होते, एकेक दार बघून आले होते, आणि ज्याला शोधायचं तो घरात नाही म्हणून कुठेही न थांबता धुऊन गेले होते.

“केवढं रिकामा आहे,” ती हळूच म्हणाली. चुकून इंग्रजी शब्द घालायची राहिली.

“आता तुझे उंदीर बघ.”

तिच्या धावणाऱ्या म्हाताऱ्या उंदरांत ठिपके होते. मोजके, बारीक, जिथे असायला हवेत तिथेच. न धावणाऱ्यांपेक्षा जास्त होते. पण नव्या कुपीने दाखवलेल्या फरकाच्या निम्माच फरक होता.

“हाफ,” ईशिता म्हणाली.

“निम्मा. पण आहे.”

ईशिताने निम्माच लिहिला. प्रबंध सात आठवडे उशिरा गेला.

जूनमध्ये कर्मचाऱ्यांचा वार्षिक फॉर्म आला. ‘वर्षभरात स्वतः घेतलेले निर्णय’ या रकान्यात सुमेधाने निरंक लिहिलं आणि सही केली.

प्रोफेसर आता तिला विचारल्याशिवाय नवी कुपी उघडत नाहीत.