थांबावहिनी आणि न हलणारं चाक

तिला नावाने कुणी हाक मारत नाही. सगळे थांबावहिनी म्हणतात. माणूस कितीही बोंबलत गाडी घेऊन येवो, तिचं पहिलं वाक्य ठरलेलं: "थांबा." नवरा नेमका उलटा, त्याचा हात डोक्याच्या आधी चालतो. गॅरेज दोघांचं, त्यामुळे एक नियम केलाय. ज्याला राग येईल त्याने हातातलं हत्यार ठेवायचं आणि चहा करायला जायचं. लग्नापासून सगळा चहा नवराच करतो. चांगला करतो.

एकदा धाकटा दीर आपली टॅक्सी घेऊन आला. इंजिनाच्या पुढच्या अंगाला तेल गळत होतं. त्याला सोमवारपासून शाळेची पोरं ने-आण करायचं काम मिळालं होतं, पण शाळेने बजावलं होतं, आवारात तेलाचा थेंब दिसला तर दुसरी गाडी बघू.

"वहिनी, काम गेलं तर मी रोज तुमच्याकडेच जेवायला."

"मग तर जीव ओतून करते, भाऊजी."

गळत होतं क्रँकशाफ्टचं, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याचं, तेल अडवणारं रबरी सील. त्याच्या पुढ्यात, शाफ्टच्या टोकावर, पट्टा फिरवणारं दातेरी चाक. ते निघाल्याशिवाय सीलला हात लागेना. एरवी पट्टा उतरवून मधला बोल्ट काढला की हे स्प्रॉकेट हाताने सुटतं. हे मात्र रुसलेल्या जावयासारखं ठाण मांडून बसलेलं. नवऱ्याने छिन्नी-हातोडा उचलला.

"थांबा! शाफ्टला ओरखडा पडला तर नवं सीलही गळेल."

"अगं, मला काय डोळे नाहीत?"

"आहेत. पण घाव घालताना तुम्ही ते मिटता."

नवरा तणतणत चहाला गेला.

तिने चाक ओढून काढायचा पुलर घेतला आणि चाकाच्या दोन भोकांत त्याचे बोल्ट बसवले. मधला बोल्ट परत अर्धा आत घातला, म्हणजे पुलरचा दाब त्याच्या डोक्यावर येईल, शाफ्टचे आटे वाचतील. पान्याने पुलर आवळला. चाक ढिम्म. तिने वाकून बॅटरी मारली.

"हे कडेला निळं काय लागलंय?"

नवरा तिघांचे कप घेऊन दारातच थबकला. "ते होय... मागे पट्टा बदलताना मीच लावलं. बोल्ट सुटू नये म्हणून लावतात तो गोंद. म्हटलं, भावाची गाडी, हयगय नको."

"चाकाला गोंद? अहो, ते खाचेत बसतं, पळून कुठे जाणार होतं?"

"राहू दे वहिनी," दीर म्हणाला, "दादाची माया कधी पातळ नव्हतीच."

हसता हसता तिघांचा चहा सांडला. सील तसंही फेकायचंच होतं, म्हणून तिने गरम हवेचं यंत्र बिनधास्त लावलं. गोंद मऊ पडला. पुलर पुन्हा आवळला.

"आता मारा एक. पुलरच्या टोकावर, हलकेच. झोपलेल्या माणसाला उठवायचंय असं समजा."

"याला उठवायचं तर लाथ लागते," भावाकडे बघत नवरा म्हणाला, पण मारलं हलकेच. टुक! पुलरसकट चाक बाहेर.

तिने शाफ्टवरून नख फिरवलं. कुठेच अडलं नाही. नवं सील बसलं, सगळं जागच्या जागी गेलं. खाली पुठ्ठा अंथरून इंजिन बराच वेळ चालू ठेवलं. दीर जमिनीवर लोळून डोकावला, पुठ्ठा ओढून काढला आणि डोक्यावर धरून थेट रस्त्यावर पळाला.

"बघा! बघा!"

समोरच्या शिंप्याने चष्मा वर केला. "अरे, यावर तर काहीच नाही."

"तेच तर दाखवतोय, काका!"