खुंट्यातली ट्यूब

त्या संध्याकाळी आम्ही दोघांनी सायकलची जुनी ट्यूब कापली. शेवंतानं ताणून धरली, मी कैचीनं गोल चकत्या काढल्या. माह्या बायकोसंग केलेलं शेवटचं काम ते. त्याबद्दल मी कोणापाशीच बोललो नाही — पोरीपाशीही नाही. आज तुम्हाले सांगून राह्यलो.

आमचा धंदा चारोळीचा. झरी जामणीच्या जंगलातून बी येते, मुकुटबनात आम्ही ते फोडतो. टरफल दगडावानी. साध्या जात्यात घातलं तर आतल्या दाण्याचाही भुगा होते. शेवंतानं जात्याच्या मधल्या खुंट्यात, दोन दगडाईच्या मधात, ट्यूबच्या चकत्या घातल्या, वरचा दगड केसभर उचलला. टरफल फुटलं, दाणा साबूत. त्यावरच घर उभं राह्यलं. तिनं केलं — मी नाही.

मी चौथी शिकलेला. तरी यवतमाळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजातले सर दरसाल मले बोलावत, पोराईले धंदा शिकवायले. जातं गाडीत टाकून न्यायचो. पहिल्याच साली एका पोरानं विचारलं, हे कोणाच्या डोक्यातून निघालं? मी म्हटलं, माह्या. काहून म्हटलं? टाळ्यांसाठी? टाळ्या तर नंतर पडल्या.

मग नऊ वर्सं तेच. एकदा तिथली दोन पोरं घरी जातं पाहाले आली. "आजी, बाबांचं डोकं भारी आहे!" तिनं त्याईले चहा दिला. माह्याकडे पाह्यलं नाही.

त्या संध्याकाळी मात्र ट्यूब ताणता ताणता म्हणाली, "उद्या तरी पोराईले खरं सांगसान, का अजून तुमच्याच डोक्यातून निघन?"

"सांगतो ना वं."

"पाहा बरं. नाहीतर मीच येतो, जात्यासंग गाडीत बसून."

हसत होती. मीही हसलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिले झटका आला. मी यवतमाळहून पोचलो तं अंगणात लोक जमले होते. सांगितलं का, हे विचारायले ती राह्यली नव्हती. लोक म्हणाले, बरं झालं, तिले त्रास नाही झाला. मी मान हलवली.

आता त्या सकाळचं. तिनं धुतलेला सदरा मी घातला. वर्गात जातं मांडलं, नव्या चकत्या खुंट्यात बसवल्या, मूठभर बी फोडून दाखवलं. तिचं नाव तोंडावर आलंतं — खोटं नाही सांगत. पहिल्या बाकावरच्या पोरीनं वही उघडली.

"बाबा, ही आयडिया कोणाची?"

मी म्हटलं, "माही."

तिनं लिहून घेतलं.