निळ्या काढ्याचं वाण

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. मुलाला नाही, बहिणीला नाही, देवापुढे हात जोडतानासुद्धा नाही — तिथेही ह्या गोष्टीला वळसा घालूनच जाते. आणि आज सांगतेय तेही ठरवून नाही. बसले होते दुसरंच लिहायला.

झालं असं, की आमच्या सोसायटीच्या दिवाळी अंकात मी दरवर्षी काहीतरी खरडते. शाळा दहावीपर्यंतच, तीही रडतखडत. बाकीचं सगळं मुलुंडच्या वाचनालयाने शिकवलं. यंदा अंकवाल्या मुली म्हणाल्या, "काकू, तुम्ही टॅबवर गेम खेळता ना? मग लिहा की, आमच्यासारख्या अर्धा तास सवड मिळणाऱ्या बायकांनी कुठला खेळावा ते!" मी म्हटलं, त्यात काय, लिहिते. आणि लिहायला घेतलं तर... थांबा. आधी गेमचंच सांगते. ते सोपं आहे.

माझं गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हाची गोष्ट. दिवसभर पलंगावर. टीव्ही बघून डोकं उठलेलं. तेव्हा माझ्या सुनेने, अश्विनीने, तिचा जुना टॅब माझ्या मांडीवर ठेवला आणि म्हणाली, "आई, तुम्ही खेळून तर बघा. नाही आवडलं तर माझं नाव बदला." अश्विनी मूळची भांडुपची, बोलायला फटाकडी. अंधेरीला ऑफिस, जाऊन-येऊन पार दमलेली असायची, तरी शेजारी बसून मला शिकवायची. असल्या गेममध्ये आपण कोणीतरी व्हायचं असतं. योद्धा, जादूगार, वैद्य, काय हवं ते. पडद्यावरच्या त्या आपल्या रूपाला मी बाहुली म्हणते. मग त्या जगात हिंडायचं, आणि तिथे हिंडणारी बाकीची माणसंही खरीच असतात, आपापल्या घरी बसून खेळणारी.

पहिला गेम राज्य बांधायचा होता. आपली शेतं, आपले सैनिक. छान वाटलं, पण रोज उघडला नाही की शेत वाळायचं आणि शेजारचा राजा धान्य लुटून न्यायचा. वर आपल्या गटाचा म्होरक्या निरोप धाडणार — काल कुठे होता? मी जन्मात नोकरी केली नाही, पण हजेरी लागण्याची धास्ती काय असते ते ह्या गेमने शिकवलं. सोडला. दुसरा दिसायला फार सुंदर. काय ते महाल, काय ते कपडे! पण जरा पुढे गेलं की दार बंद, आणि दारावर पैसे भरायची पाटी. मॉलमध्ये फिरायला गेल्यासारखं — फिरा हवं तेवढं, भूक लागली की वाट लागली.

तिसरा मात्र माझा झाला. त्यात लढाया होत्या, पण लढलंच पाहिजे असं नाही. नुसता पाला गोळा करा, काढे उकळा, चौकात बसून येणारे-जाणारे बघा. कुकरची शिट्टी झाली, उठा. चार दिवस पाहुणे आले, उघडू नका. परत आलात की तुमची बाहुली शेकोटीपाशी बसलेली असते, जिथे सोडली तिथेच. कोणी विचारत नाही इतके दिवस का आली नाहीस. पहिला गेम सासर असेल तर हा माहेर. अर्धा तास असणाऱ्या बाईला ह्याहून जास्त काय हवं? माझं मत विचाराल तर गेमची किंमत तो आपल्याला किती वेळ धरून ठेवतो ह्यात नाही, तो आपल्याला किती सहज सोडतो ह्यात आहे.

हे झालं अंकासाठी. एवढ्यावर संपवता आलं असतं. का नाही संपवलं? कारण "माहेर" हा शब्द लिहिला आणि हात थांबला. ते माहेर मला दिलं कोणी? सुनेने. आणि मी तिचं—

सांगते.

तो तिसरा गेम अश्विनीचाही होता. पण ती माझ्यासारखी पाला खुडणारी नव्हती. तिची बाहुली तारका — उंच, रुपेरी केसांची — त्या जगात नाव कमावलेली. कॉलेजपासूनच्या मित्रमैत्रिणींचं तिचं तिथे एक मंडळ होतं. ते गिल्ड म्हणतात, मी मंडळ म्हणते. कोणी दहिसरचं, कोणी दिंडोशीचं, एक तर पार नाशिकला गेलेला. प्रत्यक्ष भेटी कधीच्या संपल्या होत्या. लग्नं, पोरं, बदल्या. भेटायचे ते तिथेच, शनिवारी दुपारी. कानाला हेडफोन लावून ती मोठमोठ्याने हसायची, "अरे मागे हट ना, मरशील यार!" अख्ख्या आठवड्यात ती तेवढीच तशी हसायची. हे मला दिसत होतं. दिसत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही.

तारकाचा पासवर्ड तिनेच मला दिला होता. माझी बाहुली वैदीण, पण गरीब, तिच्या पिशवीला खिसेच कमी. "आई, काही बियाणं लागलं तर तारकाच्या पेटीतून घेत जा बिनधास्त," म्हणाली. किती सहज म्हणाली.

मग संक्रांत आली. आमच्या मजल्यावरच समोरच्या घरी हळदीकुंकू होतं. अश्विनी काळी साडी नेसून तयार झाली. "आई, चला ना हो. हळूहळू जाऊ." मी म्हटलं, गुडघा. गुडघा तेव्हा बराच बरा होता. पण आमचे हे गेल्यापासून मी हळदीकुंकवाला जात नाही. कोणी नको म्हटलेलं नाही — तसं तोंडावर कोण म्हणतं? नुसतं बोलावणं यायचं थांबलं, आणि त्या दिवशीचं बोलावणंही अश्विनीचं होतं, त्या घरचं नव्हतं. ज्या बाईने पंचवीसेक बायकांच्या ओट्या हसतखेळत भरल्या, ती दाराआड बसून समोरच्या घरातल्या बांगड्या ऐकत होती. हे मी कारण म्हणून सांगतेय. सबब म्हणून नाही.

मी टॅब उघडला. बियाणं घ्यायला म्हणून तारका उघडली. ती चौकात उभी होती, आणि चौकात नवशिक्यांची गर्दी — फाटक्या कपड्यांतल्या, काठ्या घेतलेल्या बाहुल्या. आणि माझ्या मनात आलं — आज संक्रांत. वाण द्यावं. इथे कोण मला विचारतंय?

पेटी उघडली. त्यात निळा काढा होता, बाटल्याच बाटल्या. एकेकीपाशी गेले, एकेक बाटली दिली. ती बाहुली वाकून नमस्कार करायची — तसं एक बटण असतं. मग दुसरी यायची. मग बातमी पसरली असावी, रांगच लागली. काय सांगू तुम्हाला मला काय वाटलं! कितीतरी वर्षांनी कोणीतरी माझ्यापुढे रांगेत उभं होतं आणि माझे हात भरलेले होते.

तो काढा तारकाचा नव्हता. मंडळाच्या सामाईक कोठाराची पेटी शेजारीच असते, मी ती उघडली होती. आगीचे लोळ सोडणाऱ्या एका राक्षसाशी त्यांची मोठी लढाई ठरली होती, त्यासाठी सगळ्यांनी कित्येक महिने थेंब थेंब जमवलेला तो काढा.

मला ठाऊक नव्हतं, असं म्हणू का? म्हणता येईल. म्हातारी बाई, इंग्रजी कच्चं. पण खरं सांगायचं तर चारपाच बाटल्या दिल्यावर माझं पेटीवरच्या नावाकडे लक्ष गेलं होतं. ते नाव मी वाचलं. मला कळलं. आणि मी थांबले नाही. रांग होती ना समोर. पेटी रिकामी होईपर्यंत मी वाटत राहिले.

शनिवारी दुपारी मी स्वयंपाकघरात होते. आतून हसण्याचा आवाज येईना. मग अश्विनीचा चढलेला आवाज आला, "अरे मी का करेन असं? वेडा आहेस का तू?" पलीकडे मंडळाचा म्होरक्या नीलेश होता, दहिसरचा. तिने हेडफोन काढून ठेवले असावेत, त्याचंही सगळं ऐकू येत होतं. "अशू, कोठारातून कोणी काय काढलं ते सगळ्यांना दिसतं. तारकाने काढलंय. मग काय भुताने काढलं?"

ती बाहेर आली. डोळे लाल. "आई, परवा तुम्ही तारका उघडली होती का? चुकून कशाला हात लागला का? लागला असेल तर सांगा हो, काही बिघडत नाही, मी त्यांना सांगते."

बघा, दार किती सताड उघडं होतं. तिने स्वतः उघडून धरलं होतं. चुकून, हा शब्दसुद्धा तिनेच दिला होता मला.

मी म्हटलं, "नाही गं बाई. मी कशाला तुझी तारका उघडू?"

ती आत गेली. आणि मग मी जे ऐकलं ते अजून माझ्या कानात आहे. हेडफोन तिने परत कानाला लावले होते, पण नीलेश म्हणाला असणार, घरातल्या कोणी केलं असेल. कारण अश्विनी म्हणाली, "विचारलं मी. त्यांनी नाही केलं. आणि हे बघ नील्या, माझ्या सासूबाई खोटं बोलणार नाहीत. त्यांच्याबद्दल एक शब्द बोलायचा नाही."

त्यांनी तिला काढून टाकलं. त्यालाही एक बटणच असतं. पासवर्ड चोरीला गेला असेल म्हणून ती सांगत राहिली; पण चोराने काढा विकला असता, चौकात फुकट कशाला वाटला असता? त्यांना वाटलं, हिला मोठेपणा मिरवायचा होता. कॉलेजपासूनची मैत्री, ती तिथेच थांबली. मागे नीलेशने दहिसरला घर घेतलं, वास्तुशांतीला अख्खं मंडळ जमलं. हिला फोटोतून कळलं.

एवढ्यावर थांबले असते तरी... नाही, थांबले नाही मी. त्या संध्याकाळी ती लॅपटॉप मिटून बसली होती. मी चहा नेला, शेजारी बसले, तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हटलं, "बरं झालं, सुटलीस एकदाची. असली कसली माणसं. आता जरा घरात लक्ष घाल." तिची चोरी मीच करून, तिलाच शहाणपण. ती "हो आई" म्हणाली आणि चहा प्यायली. खोटं बोलले ते भीतीने. पण हे? हे कशाने बोलले?

तुम्ही म्हणाल, तिला ठाऊकच असेल, पोटात घातलं असेल. नाही हो. अश्विनीला ठाऊक असतं तर ती त्याच दिवशी कमरेवर हात ठेवून समोर उभी राहिली असती. भांडुपची आहे ती. तिला ठाऊक नाही. तिने विश्वास ठेवला आहे.

पुढे बरेच दिवस तिने गेम उघडला नाही. आणि मग एका रविवारी जेवणं झाल्यावर माझ्या शेजारी येऊन बसली. तारका तिने पुसून टाकली होती. एक नवी, बुटकी, काठीवाली बाहुली केली होती, नाव ठेवलं होतं चिंगी. म्हणाली, "आई, तुमच्या मंडळात जागा आहे का?" मी म्हटलं, माझं कसलं मंडळ, मी एकटीच. "मग दोघींचं करू. तुम्ही मला बरं करा, मी मार खाते."

तेव्हापासून दर रविवारी आम्ही दोघी. ती पुढे काठी घेऊन पळते, मी मागून काढे पाजते. ती ओरडते, "आई, अहो मेले! लवकर पाजा ना!" आणि मी चष्मा वर करत चुकीचंच बटण दाबते. मग दोघी मरतो, दोघी हसतो. समोरासमोर बसून सासू-सुनेला जे बोलता येत नाही, ते शेजारी बसून पडद्याकडे बघत बोलता येतं. ऑफिसातली कुचंबणा तिने मला पाला खुडता खुडता सांगितली. आमचे हे गेल्याच्या रात्रीचं मी तिला सांगितलं, ते नदीचा पूल ओलांडताना. गेमने काय दिलं असं कोणी विचारलं तर मी सांगेन, मुलगी दिली. ह्या वयात, अर्ध्या अर्ध्या तासाने. किती उपकार मानू? रोज मानते.

आणि ती शनिवारी हसणारी अश्विनी, तिच्या माणसांतली, ती गेली म्हणून ही रविवारची माझ्याकडे आली. हेही रोज आठवतं. माझ्या सुखाचा एकही रविवार असा नाही, जो तिच्या शनिवारातून काढलेला नाही.

माझं लिखाण छापायला जाण्याआधी अश्विनी तपासते. माझे ऱ्हस्व-दीर्घ कायम चुकतात. ती पेन्सिल घेऊन बसते आणि हसत हसत मला झापते. हेही तिच्याकडेच जाईल. ह्या रविवारी, खेळायला बसायच्या आधी. मग अंकात घ्यायचं की नाही, नीलेशला दाखवायचं की नाही, चिंगीने माझ्याबरोबर यायचं की नाही, ते तिचं ती बघेल.

तिने दहिसरच्या माणसाला ठणकावून सांगितलं होतं, की सासूबाई खोटं बोलणार नाहीत. बोलल्या. संक्रांतीच्या संध्याकाळी त्या चौकात तारका उभी नव्हती. मी होते.