खोटा काढा

“हा खोटा,” मी म्हणाले आणि सिंकमध्ये थुंकले.

कचऱ्याची गाडी यायचा दिवस, बिन डे होता. बिन्स बाहेर काढायचे होते, वॉशिंग मशीन रिकामं करायचं होतं, आणि श्रीकांत ओट्यापाशी दोन कप घेऊन उभा.

“कशावरून?”

“खरा घशात मागे राहतो. हा जिभेवरच संपतो. सरक आता, कणीक मळायचीय.”

श्रीकांत, माझा नवरा, इथे इंग्लंडमध्ये लेस्टरला एका संशोधन केंद्रात फार्मासिस्ट होता. तिथे चिनी काढ्यांचा खरंच गुण येतो का, याच्या ट्रायल चालायच्या. अर्ध्या पेशंटना खरा काढा, अर्ध्यांना खोटा. कोणाला कुठला, ते पेशंटलाही माहीत नाही आणि डॉक्टरलाही नाही.

खोटा काढा बनवणं हे श्रीकांतचं काम.

गोळी खोटी करणं सोपं. काढा अवघड. तसाच काळपट, तसाच वास, तेवढाच कडू, आणि अंगाला काही म्हणजे काही करता कामा नये.

मी म्हटलं, कारलं घाल.

“कारलं काहीतरी करतं गं. मला निरुपयोगी कडू हवंय.”

“मग तुझ्या आत्याला बोलव.”

करपवलेली साखर, चिकोरी, असलं काय काय घेऊन तो घरी प्रयोग करायचा. चव बघायला मी. गिळायचं नाही, चूळ भरून टाकायची. ताडून बघायला खरा काढा लिन द्यायची. लिन त्याच्याबरोबर काम करायची. तिच्या वडिलांचं कॉव्हेंट्रीला चिनी औषधांचं दुकान.

मी साधी बी.कॉम. पण त्याचं ऐकून मी संशोधनाचे पेपर वाचायला लागले. अडलेला शब्द त्याला विचारायचा, पुढे जायचं.

त्याने हे काम धरलं तेव्हा चिनी औषधांवरचे चांगले इंग्रजी पेपर शोधावे लागायचे. आता वाचून संपत नाहीत. मलेरियावरचं एक मोठं औषध चिनी लोक पूर्वापार वापरत आलेल्या वनस्पतीतून निघालं, ते वाचलं. दुसऱ्या एका वनस्पतीने लोकांच्या किडन्या गेल्या, तेही वाचलं.

मी म्हणायचे, “बघ, किती पेपर!”

तो विचारायचा, “त्यातल्या कितींत खोटा कप होता?”

एका सकाळी मला ओळखता आलं नाही. परत परत चूळ भरली. नाहीच.

तो न सांगता बिन्स बाहेर ठेवून आला. यावरून समजा केवढा खूश होता.

मग त्याच्या स्वादुपिंडात गाठ निघाली.

पुण्याहून सासूबाईंचा फोन. “अगं, एवढी वर्षं चिनी औषधांत बसलाय, त्यातलं एखादं दे ना त्याला!”

मलाही तेच वाटत होतं. लिनने वडिलांकडून खऱ्या काढ्याची एक पुडी आणून दिली, पण म्हणाली, “आधी डॉक्टरांना विचार. प्लीज.”

डॉक्टर म्हणाले, केमोबरोबर हे काय करेल ते माहीत नाही. देऊ नका.

मी जमवलेले पेपर श्रीकांतपुढे ठेवले. काही काचेतल्या पेशींवरचे, काही उंदरांवरचे.

“मी उंदीर नाही,” तो म्हणाला.

“चेष्टा नको. पी म्हणतेय ना.”

“आणि केमोचं काही बिघडलं तर?”

“आणि बरा झालास तर?”

त्याने पेपर गोळा करून बाजूला ठेवले.

“ठीक आहे. रोज सकाळी काढा दे. पण माझा.”

“तुझा म्हणजे? खोटा?”

“हो.”

“त्याने काय होणार आहे?”

“मला काही नाही. तुझ्या हाताला काम होईल.”

मी चिडले. पुडी कपाटात टाकली. तरी दुसऱ्या सकाळी पातेलं ठेवलं.

मग रोजच ठेवलं. उकळायचा, गाळायचा, नेऊन द्यायचा.

“शी! कोणी केलंय हे इतकं कडू?”

“तूच.”

शेवटच्या घोटापर्यंत प्यायचा. सासूबाई व्हिडिओवर बघायच्या. “आज चेहरा बरा दिसतोय हो.”

“आई, हा खोटा आहे. मीच बनवलाय.”

“असू दे रे. मानवलाय तुला.”

काढ्याने त्याला काही होणार नव्हतं, झालंही नाही. माझी मात्र रोजची सकाळ त्याने निघाली. हे त्याला आधीच कळलं होतं, मला फार उशिरा कळलं.

गेल्या वर्षी आजच्याच दिवशी तो गेला. सकाळचा कप तसाच भरलेला राहिला.

लिन सांगत होती, त्याच्या खोट्या काढ्याची ट्रायल अजून चालू आहे. निकाल लागेल तेव्हा लागेल. काय लागेल ते लागो, मी वाचणार.

श्रीकांत, तुला मनापासून निरोप. पुडी मी लिनला परत केली.

तू गेलास त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी तुझा काढा केला, खुर्चीत बसले, आणि पहिल्यांदाच गिळला.